कंपनी फिटिंग की बाहेरचं काम?

दसऱ्याला भाच्याच्या नव्या गाडीची डिलिव्हरी होती. हार, नारळ, पेढे, चाकांखाली चार लिंबं, सगळं यथासांग झालं. ताईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि शोरूमच्या पोरानं ते पुसलं जाऊ नये म्हणून गाडी सावकाश रिव्हर्स घेतली. आम्ही अजून घरी पोचलो नव्हतो, तोवर भाच्यानं सिग्नलला मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यात यादी होती. सतरा इंची मॅगव्हील, एलईडी हेडलाइट, पुढं गार्ड, लेदरची सीटकव्हरं, काळी फिल्म, दहा इंची स्क्रीन, डबल हॉर्न आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून ‘रिमॅप?’, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं.

‘‘मामा, घेतलीय बेस, पण सहा महिन्यांत टॉपच्या वर नेतो बघ.’’

बेरीज पावणेदोन लाखांवर गेली होती. मी म्हटलं, अरे, अजून गाडीला पक्का नंबर लागला नाही. तो म्हणाला, तुम्ही जुन्या पिढीचे, तुम्हाला कंपनी फिटिंगच भारी वाटणार.

इथं त्याचं चुकलं. कंपनी फिटिंग म्हणजे देवाची मूर्ती आणि तिला हात लावला की पाप, असं मला मुळीच वाटत नाही. कंपनीत गाडी इंजिनिअर बनवतात आणि तिच्यातनं काय काढायचं ते हिशेबनीस ठरवतात. एकाच गाडीच्या बेस मॉडेलला पत्र्याची चाकं, अरुंद टायर आणि साधे हॅलोजन दिवे; त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला रुंद टायर आणि एलईडी. आंबा घाटात रात्री धुकं पडतं तेव्हा ते मॉडेल विचारून पडत नाही. चांगला उजेड ही चैनीची गोष्ट नव्हे, पण आपल्याकडं ती चैनीच्या पॅकेजमध्ये सनरूफबरोबर बांधून विकली जाते. तेव्हा बेसवाल्याला बाहेरून दिवा बसवावासा वाटला तर त्याला लगेच हौशी पंटर म्हणू नये.

शिवाय शोरूम तरी कुठं कंपनी फिटिंगवर थांबतं? डिलिव्हरीआधीच मॅट, मडफ्लॅप, साइड बीडिंग, कोटिंग असं एक ‘किट’ बिलात येऊन बसलं होतं आणि नको म्हटलं की गाडी मिळायला वेळ लागेल असं हसत हसत सांगण्यात आलं. बाहेरचं काम तिथंच सुरू झालेलं असतं, फक्त पावती छापील मिळते.

तरीही मी भाच्याला थांब म्हटलं. त्याला कारण माझाच एक जुना प्रताप आहे.

माझी पहिली गाडी छोटी हॅचबॅक होती. तिचे दिवे मिणमिणते. कामामुळं महिन्यातनं दोनदा कोल्हापूर-रत्नागिरी व्हायचं, मलकापूर सुटलं की पुढं अंधारच अंधार. एका दुकानात जाऊन मी ९०/१०० वॅटचे बल्ब टाकून घेतले. दुकानदारानं दहा मिनिटांत काम केलं. जुने बल्ब काढले, नवे खोचले, पैसे घेतले. आठवड्यात फ्यूज उडाला, तर त्यानं जरा मोठा फ्यूज घातला. मी खूश. रस्ता दिवसासारखा दिसायला लागला होता.

जुलैतल्या एका रात्री साखरप्याच्या अलीकडं, भर पावसात, दोन्ही दिवे एकदम गेले. वळण लागलेलं, डावीकडं काय आहे ते दिसत नाही, मागून एसटी येतेय. पार्किंग लाइट लावून मी कसाबसा कडेला थांबलो. गाडीत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला होता. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं स्टिअरिंगखालचा स्विच आणि दिव्यामागचा कपलर, म्हणजे बल्ब ज्यात खोचतात तो प्लॅस्टिकचा जोड, काढून माझ्या तळहातावर ठेवला. कपलर वितळून बल्बच्या पिनांना चिकटलेला, वायरीवरचं आवरण फुगून तपकिरी झालेलं.

त्यानं मला तिथंच गणित शिकवलं, ते आजही पाठ आहे. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर, अप्पर लावला की दोन्ही दिवे मिळून दहा अँपिअर ओढतात. शंभर वॅटचे टाकले की तेच सोळा-सतरा अँपिअर. करंट दीडपटीहून थोडा वाढला, पण वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या हिशेबानं, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. कंपनीनं वायर आणि स्विच दहाच्या हिशेबानं दिलेले असतात. ‘‘तुमचा फ्यूज उडत होता, तो तुम्हाला ओरडून सांगत होता,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही त्याचं तोंडच बंद केलं.’’ वेगळी जाड वायर बॅटरीवरून थेट आणून मध्ये रिले, म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर जादा करंट स्वतः पेलणारा छोटा डबा, टाकला असता तर निदान स्विच आणि कपलर तरी वाचले असते. चारपाचशे रुपयांचं सामान. दुकानदारानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्यासारखा माणूस दिवा बघतो, वायर कोण बघतो?

आता भाच्याच्या यादीतला एलईडी. तो करंट कमीच ओढतो, त्यामुळं वायर जळायची भीती कमी. त्याचा घोळ वेगळ्याच जागी आहे. हॅलोजन बल्बमध्ये तार एका ठरावीक बिंदूवर असते. दिव्यामागचा आरसा त्या बिंदूभोवती घडवलेला असतो, अगदी मिलिमीटरच्या हिशेबानं. डिपरच्या तारेखाली तर बल्बच्या आतच एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. त्याच जागी एलईडी खोचला की ती वाटी नसते किंवा भलतीकडं असते, चिप दोन अंगांना चपट्या असतात आणि आरशाला काय करावं ते कळत नाही. प्रकाश सगळीकडं फाकतो. भिंतीवर फोकस मारून पाहिलं तर हॅलोजनच्या डिपरला वर एक सरळ काठ दिसतो, त्याच्यावर अंधार. बाहेरच्या एलईडीला बहुतेकदा तो काठच नसतो.

गाडीत बसलेल्याला मात्र वाटतं, काय उजेड पडलाय! पडलाय खरा, पण तो जवळच्या डांबरावर आणि समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. रात्री कुठल्याही राज्यमार्गावर अर्धा तास दुचाकी चालवून पाहा. समोरून पांढरा भगभगीत गोळा येतो, पुढचे दोन-तीन सेकंद रस्ता नावाची वस्तू उरत नाही, आणि त्या दोन-तीन सेकंदांत खड्डा, बैलगाडी, उसाची ट्रॉली काहीही असू शकतं. गळीत हंगामात आमच्याकडं ट्रॉलीच असते आणि तिला मागं दिवा नसतो. माझ्या गाडीत मी काय करायचं ते मी ठरवणार, हा मुद्दा इथं संपतो. सीटचा रंग तुझा, गिअरची मूठ तुझी, गाणी तुझी. दिवा मात्र समोरच्याच्याही डोळ्यांत जातो. फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटचा सायलेन्सर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा असतो, तसंच हे.

गार्डचं तेच. पोलादी गार्ड लावला की गाडीला रुबाब येतो, मान्य. गाडीचा पुढचा भाग मात्र मुद्दाम चुरगळावा म्हणून बनवलेला असतो. तो चुरगळताना धक्का खातो, म्हणून आतली माणसं वाचतात. गार्ड थेट चॅसीला बोल्टानं आवळला की धक्का चुरगळणारी जागा टाळून थेट आत येतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो आणि समोर पादचारी असेल तर त्याच्या मांडीला पत्र्याऐवजी पोलादी नळी लागते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना या गार्डांवर कारवाई करायला कळवलं होतं. कारवाई किती झाली ते रस्त्यावर दिसतंच. २०२३ पासून गाडी धडकवून तपासणाऱ्या ‘भारत एनकॅप’चे स्टार आले. लोक आता गाडी घेताना पाच स्टार आहेत का विचारतात, आणि घेतल्यावर ज्या पुढच्या भागामुळं ते स्टार मिळाले त्यावरच गार्ड ठोकतात! ते स्टार धडकवलेल्या गाडीचे आहेत, आणि त्या गाडीला गार्ड नव्हता.

सीटकव्हर ही तर निरुपद्रवी गोष्ट वाटते. पण बाजूची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटच्या पाठीतच असते आणि शिवण फाडून बाहेर येते, पापणी लवायच्या आत. त्यावर जाड कव्हर घट्ट चढवलं की ती बाहेर येणार कुठून? एअरबॅगसाठी त्या बाजूला कच्ची शिवण ठेवलेली कव्हरं मिळतात. दुकानात मागावी लागतात, कोणी आपण होऊन देत नाही. आणि आता जरा नाजूक गोष्ट. डॅशबोर्डवरचा गणपती. शेजारच्या सीटसमोर, ‘एअरबॅग’ असं कोरलेल्या अक्षरांच्या बरोबर वर, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवलेला पितळी गणपती मी शेकडो गाड्यांत पाहिलाय, माझ्याही गाडीत होता. एअरबॅग फुटली की तो विघ्नहर्ता कुठल्या दिशेनं निघेल याचा विचार केला आणि मी त्याला मधल्या कप्प्यात आणून बसवला. आई म्हणाली, देवाला कोपऱ्यात घातलास. तिची समजूत काढायला मला कायद्याचं कुठलंच कलम उपयोगी पडलं नाही.

कायदा तरी काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. केरळ उच्च न्यायालयानं याचा जरा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तो रद्द केला आणि उत्पादकाचा मूळ तपशील हीच फूटपट्टी ठरवली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. भाच्याच्या यादीतल्या निम्म्या ओळी जरी यात बसल्या तरी गाडीच्या पहिल्या हप्त्यापेक्षा दंड जास्त व्हायचा.

काळ्या फिल्मची कथा आणखी लांब. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणं पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरून लावलेली फिल्म सरसकट बंद केली, मग ती कितीही फिकट असो. पुढं २०२१ पासून नियमातले शब्द बदलले आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या टक्क्यांत बसणारी फिल्म चालते. चंद्रपूरच्या ४५ अंशांत गाडी चालवणाऱ्याला हा वाद ऐकवला तर तो काय म्हणेल ते मी इथं लिहीत नाही. चौकात हवालदारापाशी बहुतेकदा उजेड मोजायचं यंत्र नसतं. त्यामुळं फिल्म कायदेशीर आहे की नाही ते काचेकडं पाहून कमी आणि आत कोण बसलंय ते पाहून जास्त ठरतं.

कायद्याबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. ज्या नियमात नेत्याची काळी काच, पोराचा गार्ड, शेतकऱ्यानं मुसळधार पावसासाठी लावलेला पिवळा फॉग लॅम्प आणि बापानं लेकरासाठी बसवलेला रिव्हर्स कॅमेरा यांच्यात फरक सांगायला धड ओळ नाही, त्या नियमाला कोणीच भीत नाही. सगळेच थोडेथोडे गुन्हेगार झाले की गुन्ह्याची लाज जाते आणि उरते ती चौकातली घासाघीस.

फरक करता येतो, याचा पुरावा आपल्या दारात उभा आहे. सीएनजी किट.

विचार करा, मूळ गाडीत करता येण्यासारखा सगळ्यात धोक्याचा बदल कुठला? डिकीत दोनशे बार दाबाच्या गॅसची टाकी बसवणं. तरी तो आपण राजरोस करतो. कारण त्याला रस्ता आखून दिलाय. किट मान्यताप्राप्त हवं, अधिकृत केंद्रावरच बसलं पाहिजे, आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची, विम्याला कळवून किटच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता भरायचा, टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबावर चाचणी करायची. पंपावरचा पोरगा नळी लावण्याआधी टाकीच्या चाचणीची प्लेट बघतो. २०२२ मध्ये बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या, गाड्यांनाही हे किट बसवायची मुभा मिळाली. यातही चोऱ्या होतात, प्लेटा बनावट निघतात, हे मला माहीत आहे. पण नियम आहे, मोजमाप आहे, आणि बसवणाऱ्याचं नाव कागदावर आहे. दोनशे बारच्या टाकीला जे जमतं ते दोन दिव्यांना का जमू नये?

दुसरं उदाहरण आमच्याच पेठेतलं. इथं एक शिक्षक आहेत, लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय अधू. त्यांच्या साध्या गिअरच्या गाडीत क्लच हातानं दाबायची सोय केलेली आहे. गिअरच्या दांड्यालाच एक छोटी पितळी पट्टी आहे. चार बोटांनी ती दाबली की खाली केबल ओढली जाते. गावातल्याच एका वर्कशॉपनं बनवलेलं काम. मी चालवून पाहिली तेव्हा पहिल्या चौकातच गाडी बंद पाडली. ते हसून म्हणाले, ‘‘आता कळलं ना, मला तुमची गाडी कशी वाटते?’’ ही गाडी आरसीवर रीतसर नोंदलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं तर ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी बदललेलं वाहन, अशी व्याख्याच कायद्यात आणली. एकाच वर्षी, एकाच कायद्यात, एका हातानं कैदेची तरतूद आणि दुसऱ्या हातानं हा दरवाजा. गाडी माणसाच्या अंगाला जुळवून घ्यायची असते, हे कायद्याला कळतं. फक्त ते शरीराच्या व्यंगापर्यंतच कळतं. घाट, धुकं आणि ऊन इथपर्यंत अजून पोचलेलं नाही.

माझा एक कॉलेजमित्र जर्मनीत गाडीच्याच कारखान्यात आहे. त्यानं आपल्या गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या तेव्हा फोटो पाठवला, मला वाटलं स्प्रिंगांचा असेल, होता कागदाचा. तिकडं बदलाच्या सुट्या भागाबरोबर त्याचं प्रमाणपत्र मिळतं, कुठल्या गाडीला चालतो त्याची यादी असते, आणि गरज असेल तिथं ट्यूफसारख्या तपासणी संस्थेकडं गाडी नेऊन कागदावर नोंद करून घ्यावी लागते. हेडलाइटचीच गोष्ट सांगतो. हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी तिथंही बेकायदाच होते. २०२० पासून काही ठरावीक दिवे, यादीतल्या ठरावीक गाड्यांपुरते, त्या-त्या हेडलाइटमध्ये तपासून अधिकृत झाले. सरसकट हो नाही, सरसकट नाही नाही. या गाडीच्या या आरशात हा दिवा समोरच्याचे डोळे दिपवत नाही, एवढंच सांगणारा एक कागद.

असा कागद इथं निघू शकत नाही का? पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही गाड्या तपासणारी संशोधन संस्था १९६६ पासून आहे. गाड्यांपासून दिव्यांपर्यंत सगळं तिथं तपासलं जातं. चाकणला, पिंपरीला, रांजणगावला, नाशिकला गाड्या बनतात. दिव्याच्या झोताचा काठ मोजणं ही या लोकांना अवघड गोष्ट नाही. अवघड आहे ते ज्यातून मतं मिळत नाहीत आणि हप्ताही मिळत नाही असलं बारीक, कंटाळवाणं काम हाती घेणं: खपणाऱ्या चाळीसेक गाड्या धराव्यात, त्यांचे हेडलाइट तपासावेत, चालणाऱ्या दिव्यांची यादी जाहीर करावी, पाकिटावर शिक्का असावा. शिक्का नसेल तो दिवा विकणाऱ्याला पकडावं. आज दंड बसतो तो बहुतेक घेणाऱ्याला. विकणारा उघड्या दुकानात पाटी लावून बसलेला असतो.

यावर एक आक्षेप मी ऐकलाय आणि तो खोटा नाही. आरटीओवर आधीच पासिंगचा बोजा, त्यात हे? एजंटांना आणखी एक दुकान उघडून मिळेल. मिळेलही. पण आजही दुकान चालूच आहे, ते चौकात चालतं एवढाच फरक. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, पुण्याच्या नाना पेठेतल्या, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या कारागिरांचं काय? मला उलट वाटतं, की शिक्का असलेल्या कामाचा फायदा सगळ्यात जास्त त्यांनाच होईल. आमच्या उद्यमनगरात तेलाच्या इंजिनाचे सुटे भाग बनवून बनवून ज्यांचे हात तयार झाले, त्यांना रिले कुठं टाकायचा ते शिकवायला लागत नाही. त्यांना गिऱ्हाईक स्वस्त मागतं म्हणून ते स्वस्त देतात. ज्यानं माझा मोठा फ्यूज घातला त्याला मी दोष देतो तो इतकाच, की त्यानं माझं ऐकलं.

नंबरप्लेटचं उदाहरण यात बोलकं आहे. ४१४१ ला ‘दादा’ आणि २१४ ला ‘राम’ करणाऱ्या प्लेटांवर वर्षानुवर्षं दंड होत राहिला, काही फरक पडला नाही. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ठोकून बसवलेली, कोरलेल्या क्रमांकाची हाय सिक्युरिटी प्लेट आली आणि नव्या गाड्यांवरचे दादा गपगुमान ४१४१ झाले. (रसिकतेचं थोडं नुकसान झालं, हे मान्य. एका ट्रॅक्टरवरचा ‘राम’ खरोखर सुंदर अक्षरात होता.) नुसता दंड वाढवून हे झालं नाही. बरोबर वस्तू ठरली, एकसारखी मिळू लागली, आणि ती काढणं कठीण झालं.

हे सगळं मी भाच्याला त्या सिग्नलला सांगितलं नाही, हिरवा पडला होता. घरी चहा पिताना एवढंच म्हटलं, एक वर्ष काही करू नकोस. वॉरंटी आहे, वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम अडतो. आणि तुला अजून गाडी माहीत नाही. ती भरल्यावर कशी बसते, पावसात ब्रेक कसे लागतात, तिला कुठं काय कमी आहे, ते तिला विचारलंयस का? आत्ता तुझी यादी इन्स्टाग्रामनं लिहिलीय. पहिली सर्व्हिस होऊ दे, एक पावसाळा जाऊ दे, कोकणात दोन फेऱ्या मार, मग बस आणि लिही. रिमॅप तर विसरच. बीएस-सहाच्या इंजिनाचं धुराचं गणित कंपनीनं कुठल्या मेहनतीनं जुळवलंय ते लॅपटॉप घेऊन आलेल्या पोराला माहीत नसतं. टायर बदलायचेच झाले तर त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनी जे माप देते ते घाल. व्यास फार हलला की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो आणि मॅगव्हील जितकं मोठं तितकी टायरची भिंत बारीक, मग आपल्या खड्ड्यांत रिम वाकते.

त्यानं तोंड वाकडं केलं. पण ताई मध्ये पडली, म्हणाली, मामा सांगतोय तर ऐक, त्याचे एकदा दिवे गेलेत.

पावसाळा संपता संपता तो आला, म्हणाला, बाकी सगळी यादी राहू दे मामा, पण दिवे बदलणारच. परवा अणुस्कुरा उतरताना पुढचं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं चल, बघू. रात्री जेवून आम्ही रंकाळ्याच्या पलीकडं, गगनबावड्याच्या रस्त्याला गाडी काढली. खरंच, डिपर वीसेक पावलांवर जमिनीत गाडल्यासारखा पडत होता. हॅलोजन झाला म्हणून इतका वाईट? गाडी एका गोदामाच्या भिंतीसमोर उभी केली. काठ सरळ होता, नीट होता, फक्त फारच खाली होता.

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गुडघ्यापाशी, एक छोटं दातेरी चाक होतं. शून्य, एक, दोन, तीन. मागं माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं, तेव्हा दिवे खाली घ्यायला ते असतं. भाच्याचं चाक तीनवर होतं. डिलिव्हरीपासून असावं, त्यानं त्याला कधी हात लावला नव्हता, ते कशाचं आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी ते अंगठ्यानं शून्यावर आणलं. भिंतीवरचा काठ हळूहळू वर सरकला. मग गाडी रस्त्याकडं वळवली, तर उसाच्या फडाची कड, मैलाचा दगड आणि त्याच्यापुढं बसलेलं एक कुत्रं, सगळं दिसायला लागलं.

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं मोबाईल काढला, यादी उघडली आणि हेडलाइटची ओळ खोडली. गार्डची अजून आहे.